न पाहिलेल्या माणसाचें सुतक

माणूस मेला असतां त्याच्यासाठीं कोणीं रडावें, हा प्रश्न आपल्या समाजानें फार पूर्वींच सोडवून ठेविला आहे. भावकींतल्याचें सुतक किती दिवसांचें, सोयऱ्याचें किती, हें गांवांतील कोणतीहि म्हातारी बोटांवर मोजून सांगेल. परंतु ज्याचें तोंड आपण जन्मांत पाहिलें नाहीं, जातीनें, गांवानें अथवा भाषेनें ज्याचा आपला कांहीं संबंध नाहीं, अशा माणसाचें सुतक कोणीं पाळलें तर त्यास काय म्हणावें? असें सुतक मीं माझ्या स्वतःच्या घरीं इ. स. २०१० च्या जुलै महिन्यांत पाहिलें आहे. त्याची हकीकत या वार्षिकाच्या वाचकांस सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. मात्र ती सांगतांना माझी एक जुनी, लाजिरवाणी गोष्टहि सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

माझें गांव टेंभुर्णी. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यांत, काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत तें वसलेलें आहे. कपाशी, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन हीं येथील पिकें. माझे वडील, आम्ही त्यांस आबा म्हणत असूं, पावसाळ्यांत लोकांच्या शेतांवर मजुरी करीत आणि तुळशीचें लग्न लागलें कीं पुढें लग्नसराई सरेपर्यंत बँडपथकांत सॅक्सोफोन वाजवीत. पथकांत आठ माणसें होतीं. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक मोठा ढोल, एक ताशा, एक खुळखुळा आणि आबांचा सॅक्सोफोन. अंगांत रंग उडालेला तांबडा डगला, खांद्यावर सोनेरी गोंडे आणि पायांत टायरच्या चपला, असा त्यांचा थाट असे. वरातीच्या पुढें तासन् तास वाजवीत चालावयाचें, आणि सर्व पंगती उठल्यावर मांडवाबाहेर मातींत बसून जेवावयाचें, हा त्यांचा नित्याचा क्रम होता.

सॅक्सोफोन हें वाद्य मोठें चमत्कारिक आहे. त्याचें अंग पितळेचें, पण जात सनईची. कारण त्याचा स्वर तोंडांत धरावयाच्या वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनानें उत्पन्न होतो. म्हणून धातूचें असूनहि पाश्चात्य संगीतांत तें काष्ठवाद्यांत गणलें जातें. बेल्जममधील दिनां या गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या आडोल्फ साक्स नांवाच्या कारागिरानें तें निर्माण केलें व १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. लष्करी बँडांत पितळी वाद्यांचा जोर आणि लांकडी वाद्यांची लवचिकता यांचा मेळ घालणारें एखादें वाद्य असावें, ही त्याची इच्छा होती. वाद्य जगभर गेलें. कारागिराचें मात्र अनेकदां दिवाळें निघालें, आणि १८९४ सालीं तो विपन्नावस्थेंतच वारला. पुढें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं या लष्करी वाद्याच्या तोंडीं माणसाचें सुखदुःख घातलें, आणि तें जाझ संगीताचें जणूं हृदय होऊन बसलें. आपल्याकडे हीं वाद्यें इंग्रजी पलटणींबरोबर आलीं. आमच्या जालन्यासहि पूर्वीं इंग्रजांची छावणी होती. पलटणी गेल्या, पण बँड राहिले आणि ते लग्नाच्या वरातींत शिरले.

आबांचा सॅक्सोफोन मेरठचा होता. तोहि तिसऱ्या हातचा. त्याची एक कळ तुटलेली असल्यामुळें ती रबराच्या तुकड्यानें बांधलेली असे. पत्ती फाटली कीं नवी मिळेपर्यंत ते तीच ब्लेडनें तासून वापरीत. स्वरलिपि त्यांस ठाऊक नव्हती. नवें गाणें बसवावयाचें झालें म्हणजे ते बाजाराच्या दिवशीं चहाच्या दुकानांत जाऊन रेडिओखालीं बसत. सर्व लोक गायकाचा आवाज ऐकत. आबा गायक थांबण्याची वाट पाहत. दोन कडव्यांच्या मधल्या जागेंत सॅक्सोफोनचे जे चार-दोन सूर येत, तेवढ्यासाठीं त्यांचा जीव कानांत गोळा होई. ‘काश्मीर की कली’ (१९६४) या चित्रपटांत महंमद रफी यांनीं गाइलेलें एक उदास गीत आहे. त्यांतील सॅक्सोफोनचे सूर बोटांत बसविण्यास आपणांस एक उन्हाळा लागला, असें आबा सांगत. ‘गाईड’ (१९६५) मधील किशोरकुमार व लता मंगेशकर यांचें युगलगीत आणि ‘आराधना’ (१९६९) मधील पावसाळी रात्रीचें गीत हीं त्यांनीं त्यामागून घेतलीं. हे सूर वाजविणारा माणूस एकच आहे, हें त्यांनीं कोणीं न सांगतां ओळखिलें होतें. त्याचें नांव मात्र त्यांस कित्येक वर्षें ठाऊक नव्हतें. अखेर जालन्याच्या एका वृद्ध बँडमास्तरांनीं तें सांगितलें: मनोहारी सिंग. त्या दिवसापासून आबांनीं वाद्य हातीं घेतलें कीं प्रथम पत्तीला कपाळ लावावें आणि मगच ती ओठांत धरावी, असा परिपाठ ठेविला.

आतां ती माझी गोष्ट. इ. स. १९८६ मध्यें मी आठवींत होतों. शाळेच्या रस्त्यानें एके दिवशीं एक वरात चालली होती. मधली सुटी असल्यामुळें सर्व मुलें कुंपणाशीं धांवलीं. आबा सर्वांच्या पुढें होते. उन्हानें चेहरा काळवंडलेला, गाल फुगलेले आणि गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या. एका मुलानें गाल फुगवून त्यांची नक्कल केली व सर्व हंसले. मीहि हंसलों! तेवढ्यांत आबांची दृष्टि कुंपणाकडे वळली. मी चटकन् एका मोठ्या मुलाच्या पाठीमागें लपलों. त्यांनीं मला पाहिलें कीं नाहीं, हें मला तेव्हां कळलें नाहीं. पुढच्याच आठवड्यांत शाळेंतून एक छापील पत्रक भरून आणण्यास मिळालें. त्यांत ‘वडिलांचा व्यवसाय’ या शब्दांपुढें मीं ‘शेतमजुरी’ असें लिहिलें. आबांस अक्षरओळख होती. कंदिलाच्या उजेडांत त्यांनीं तें पत्रक बराच वेळ हातांत धरलें. मग कांहीं न बोलतां खालीं सही केली. ती सही पुढें कित्येक वर्षें माझ्या डोळ्यांपुढून हालली नाहीं.

पुढें शिकून मी नोकरीस लागलों. इकडे लग्नांतून यांत्रिक ध्वनिवर्धकांचा धुडगूस सुरू झाला व बँडास बोलावणीं येईनाशीं झालीं. शिवाय आबांचे पुढचे दांत पडले. सॅक्सोफोन वाजवितांना वरचे दांत मुखपट्टीवर टेकावे लागतात आणि खालचा ओठ खालच्या दांतांवर दुमडून पत्तीस आधार द्यावा लागतो. दांत गेले कीं वादकाचें अर्धें वाद्यच गेलें. २००४ सालीं आबांनीं सॅक्सोफोन धोतराच्या फडक्यांत गुंडाळून फळीवर ठेविला, तो ठेविलाच.

१३ जुलै २०१० रोजीं मुंबईस मनोहारी सिंग हृदयक्रिया बंद पडून वारले. दुसऱ्या दिवशीं, बुधवारीं, ही वार्ता टेंभुर्णीस पोंचली. मी त्या वेळीं रजेवर घरीं होतों. आषाढ नुकताच लागला होता व बाहेर झिमझिम पाऊस चालू होता. आबांनीं वार्ता ऐकली, आणि समोरची भाकरी तशीच बाजूस सारून ते उठले. आईनें घाबरून विचारलें, “आपलं कोण गेलं?” आबा म्हणाले, “मनोहारी गेला.” आईस तें नांव ठाऊक नव्हतें. ती म्हणाली, “हा कोण? आपल्या नात्यांत तर असलं नांव नाहीं.” आबा उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, “नात्यांतला नव्हं. पण चाळीस वर्सं त्याच्याच फुंकीवर भाकर खाल्ली आपण.”

संध्याकाळीं पथकांतील जुनीं माणसें एकेक करून येऊं लागलीं. त्यांस कोणीं बोलाविलें नव्हतें. आठांतील पांच उरले होते. ढोलवाले म्हातारे काठी टेकीत आले. क्लॅरिनेटवाले शेजारच्या वस्तीवरून चिखल तुडवीत आले. कोणाच्या मरणाला जसें येऊन बसतात, तसे ते भिंतीशीं टेकून मुकाट्यानें बसले. थोड्या वेळानें एकानें एका गाण्याची आठवण काढली, दुसऱ्यानें दुसऱ्या. कोणत्या लग्नांत कोणती चाल वाजविली आणि म्हातारा नवरदेवाचा आजा कसा ढसढसा रडला. कोणत्या वरातींत आबांचा सूर चुकला आणि तो आबांवांचून कोणासहि कळला नाहीं. अशा कितीतरी गोष्टी निघाल्या. मेलेल्या माणसाच्या चरित्रांतील एकहि गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती. तो कोठला, त्यास मुलेंबाळें किती, हें कोणी सांगूं शकलें नसतें. पण त्याच्या श्वासाची लांबी मात्र त्यांतील प्रत्येकास ठाऊक होती. कोठें त्यानें दम घेतला, कोठें सूर घसरत खालीं आणला, कोठें नुसता हुंदका दिला, हें ते हातवारे करून एकमेकांस दाखवीत होते.

रात्रीं आबांनीं फळीवरून गांठोडें काढिलें. पत्ती वाळून कडक झाली होती. ती त्यांनीं बराच वेळ जिभेवर भिजविली, तिला कपाळ लाविलें, आणि त्या जुन्या गीताचे सूर काढण्याचा यत्न केला. नुसती हवाच सुटली. दुसऱ्यांदां एक घोगरा स्वर निघाला आणि मध्येंच तुटला. त्यांनीं वाद्य मांडीवर ठेविलें. तेव्हां क्लॅरिनेटवाल्यांनीं पिशवींतून आपलें क्लॅरिनेट काढून, जेथें आबांचा स्वर तुटला होता तेथूनच पुढें सुरुवात केली. ढोलवाल्या म्हाताऱ्यानें गुडघ्यावर बोटांनीं ताल धरिला. पुरतीं पांच मिनिटेंहि तें वादन चाललें नसेल. पण वरात नाहीं, मांडव नाहीं, पैसे उधळणारा कोणी नाहीं, अशा स्थितींत या माणसांनीं वाजविलेलें तें मीं पहिल्यानेंच ऐकलें.

सर्व गेल्यावर मीं आबांस तें १९८६ सालचें पत्रक आठवतें का, असें विचारलें. चोवीस वर्षें तो प्रश्न माझ्या घशाशीं अडकला होता. आबा म्हणाले, “आठवतंय कीं. खोटं कुठं होतं त्यांत? मजुरीबी करतच होतों.” थोडें थांबून ते म्हणाले, “कुंपणापाशीं तूं लपलास, तें मातर पाहिलं होतं म्यां. त्या दिशीं सूर नीट लागला नाहीं.” एवढेंच. त्यांत राग नव्हता. म्हणूनच तें मला सहन होईना.

त्यानंतर मीं मनोहारी सिंग यांचें चरित्र मिळेल तेथून जमविण्यास आरंभ केला, आणि आबांस वाचून दाखविलें. त्यांचा जन्म ८ मार्च १९३१ रोजीं कलकत्त्यास, मूळच्या नेपाळी कुटुंबांत झाला. घरांत बँडवादनाची परंपरा होती. हें वाचतांच आबा ताठ होऊन बसले. बाटा कंपनीच्या बाटानगर येथील कारखान्याचा स्वतःचा बँड होता, व तरुण मनोहारी त्यांत वाजवूं लागले. तेथें जोझेफ न्यूमन नांवाचे हंगेरियन संगीतनियोजक त्यांस गुरु म्हणून लाभले. म्हणजे जोडे करणाऱ्या कारखान्याच्या बँडांतून हा थोर वादक बाहेर पडला! पुढें चौरंगीवरील ‘फिर्पो’ या प्रसिद्ध उपाहारगृहांत त्यांनीं वादन केलें. कलकत्ता व मुंबई येथील अशा ठिकाणीं तेव्हां जाझ संगीताचा बहर होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत तर १९३५ सालींच लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा येऊन गेला होता, आणि गोमंतकीय वादकांनीं हें संगीत हौसेनें आत्मसात् केलें होतें. त्यांतील कित्येक पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले, आणि जाझची ती लकब हिंदी गीतांत उतरली.

संगीतकार सलील चौधरी यांच्या सल्ल्यानें मनोहारी १९५८ सालीं मुंबईस आले. सचिनदेव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’ (१९५८) या चित्रपटांत त्यांस पहिली संधि मिळाली. पुढें शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर अशा अनेकांकडे त्यांनीं वाजविलें. राहुलदेव बर्मन यांचे तर ते उजवे हातच झाले. बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर, हे तिघे राहुलदेवांचे प्रमुख सहायक होते. बासुदेवांच्या जोडीनें ‘बासू-मनोहारी’ या नांवानें त्यांनीं ‘सबसे बडा रुपय्या’ (१९७६) या चित्रपटास स्वतंत्र संगीतहि दिलें. सॅक्सोफोनखेरीज बांसरी, क्लॅरिनेट व मँडोलिन या वाद्यांवरहि त्यांचा हात फिरत असे. १९९४ सालीं राहुलदेव गेले, तरी मनोहारी अखेरपर्यंत श्रोत्यांपुढें उभे राहून वाजवीत राहिले. तरुण श्रोते पुढें येऊन त्यांचे पाय धरीत, हें वाचल्यावर आबा कांहीं बोलले नाहींत. पण त्यांनीं तें वाक्य मला पुन्हां वाचावयास सांगितलें.

न पाहिलेल्या वादकाचें सुतक पाळणारे आम्हीच कांहीं पहिले नव्हे. जॉन कोल्ट्रेन हा अमेरिकेचा असामान्य जाझ सॅक्सोफोनवादक १७ जुलै १९६७ रोजीं, अवघा चाळीस वर्षांचा असतां वारला. आपल्या संगीताविषयीं त्यास इतकी आस्था होती कीं, पंडित रविशंकर यांच्यावरून त्यानें आपल्या एका मुलाचें नांव रवि असें ठेविलें. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं न्यूयॉर्क येथील चर्चमध्यें अल्बर्ट आयलर व ऑर्नेट कोलमन या वादकांनीं आपापले ताफे घेऊन वादन केलें. वादकास निरोप द्यावयाचा तो वाद्यानेंच, हें जें न्यूयॉर्कच्या थोर कलावंतांस सुचलें, तेंच टेंभुर्णीच्या आमच्या ओसरीवर पांच अर्धशिक्षित म्हाताऱ्यांस सुचलें होतें. ११ ऑक्टोबर २०१९ रोजीं मंगळूर येथें कद्री गोपालनाथ वारले, त्या वेळींहि मला ती ओसरी आठवली. म्हैसूरच्या राजवाड्यांतील बँडांत सॅक्सोफोन ऐकून त्यांस त्या वाद्याचा ध्यास लागला, आणि पुढें त्यांनीं त्यावर कर्नाटक संगीतांतील गमकें वाजवून दाखविलीं. बँडाकडे कान देऊन ऐकणारा एक मुलगा असा निघाला, आणि बँड पाहून लपणारा एक मुलगा मी असा निघालों!

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रेगरी बूथ यांनीं भारतांतील लग्नाच्या बँडांवर एक ग्रंथ लिहिला. तो २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनच वर्षांनीं मुंबईच्या चित्रपटांतील पडद्याआडच्या वादकांवर त्यांचा दुसरा ग्रंथ आला, व त्यांत मनोहारी सिंग यांच्यासारख्या वादकांच्या मुलाखती आहेत. सातासमुद्रापलीकडच्या विद्वानास हे दोन्ही विषय एकाच अभ्यासाचे वाटले. वरातींत वाजविणारा आणि ध्वनिमुद्रणगृहांत वाजविणारा, दोघांचेंहि काम लोकांस हवें असतें आणि दोघांचेंहि नांव लोकांस नको असतें. आमच्या घराच्या चार भिंतींत ही गोष्ट चाळीस वर्षें घडत असतां, मी मात्र ती पाहिली नाहीं.

आबा २०१८ सालीं गेले. मृत्यूची नोंद करण्यास मी गेलों तेव्हां नोंद घेणाऱ्या गृहस्थांनीं नांव, वय विचारलें आणि मान वर न करतां म्हटलें, “व्यवसाय? शेतमजुरी लिहूं ना?” बत्तीस वर्षांपूर्वींचा तोच रकाना पुन्हां माझ्यापुढें आला होता. मीं म्हटलें, “नाहीं. सॅक्सोफोनवादक लिहा.” त्यांनीं मान वर केली. “काय?” मीं तो शब्द पुन्हां, एकेक अक्षर सुटें करून सांगितला. त्यांनीं तो लिहिला. ‘क्स’ लिहितांना त्यांचें थोडें चुकलें, तें मीं बोट ठेवून दुरुस्त करून घेतलें.

आबांचा तो सॅक्सोफोन अद्याप माझ्या घरीं आहे. मला तो वाजवितां येत नाहीं. पण दर वर्षीं १३ जुलैस मी फडकें सोडून तो पुसून ठेवितों. त्या दिवशीं घरीं कोणी आलें आणि हें काय म्हणून विचारलें, तर मी त्यांस दोन नांवें सांगतों.

बालमित्रांनो, तुमच्याहि रस्त्यावरून उद्यां एखादी वरात जाईल. नवरदेवाचें नांव तर फलकावर लिहिलेलेंच असतें. तुम्ही कुंपणाशीं जाऊन पुढच्या वाजविणाऱ्याचें नांव विचारा. आणि तुमच्यांपैकीं कोणाचे वडील त्या ताफ्यांत असतील, तर त्यानें माझ्यासारखें कोणाच्या पाठीमागें लपूं नये; त्यानें हात वर करावा, म्हणजे त्याच्या वडिलांचा सूर नीट लागेल.